दाभोळ बंदराची सहल

गौरी-गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परत गेले, घरं पुन्हा मोकळी झाली. भात पसवतंय, कापणीला अजून अवकाश आहे. अशा दिवसांत गटाच्या बैठकीत जरा निवांत बोलता येतं. म्हणून आज कर्ज, हप्ते, प्रशिक्षण हे विषय बाजूला ठेवून सहलीबद्दल बोलणार आहे.

वेळणेश्वरच्या आमच्या गटाने ठरवलंय, या मार्गशीर्षात दाभोळ बंदर बघायला जायचं. कसं ठरवलं, तिथे काय बघणार, पैसे कसे उभे करतोय आणि घरी कसं सांगितलं, ते सगळं सांगते. ऐकून तुमच्या गटालाही जावंसं वाटलं तर चांगलंच.

पहिला प्रश्न आमच्याच बैठकीत आला. एक काकी म्हणाल्या, "अगो, दाभोळात बघायचं काय? फेरीबोट नि मासळी?" प्रश्न काही चुकीचा नव्हता. दाभोळला आपण कशासाठी जातो? लग्नाला, बारशाला, नाहीतर पुढे दापोलीला दवाखान्यात. जेट्टीवर उतरलो की रिक्षा शोधायची आणि चालू पडायचं. बंदर बघायला म्हणून आमच्यातली एकही कधी गेलेली नव्हती.

त्याच बैठकीत गटातली एक तरुण सून म्हणाली की तिने मोबाईलवर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराचा कार्यक्रम बघितला. भूमध्य समुद्रावरचं हे बंदर शिकंदर राजाने वसवलं, इसवी सनाच्या आधी ३३१ व्या वर्षी. तिथलं दीपगृह जगातल्या सात आश्चर्यांत मोजत. लोक विमानाने जातात तिथे, हॉटेलात राहतात, पडक्या भिंतींसमोर उभं राहून फोटो काढतात. ती म्हणाली, "आपल्याला कुठलं बघायला मिळायला!" मी तिला म्हटलं, अलेक्झांड्रियाचं पुढे बघू, पण त्या शहरात जो माल उतरायचा तो कुठून यायचा ते तरी बघून येऊ. त्यातला काही आपल्या किनाऱ्यावरून जायचा.

याला पुरावा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने एक माहितीपुस्तक लिहिलं. त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, कुठे खडक आहे, कुठे चाचे आहेत, असं सगळं त्यात आहे. आपण बाजाराला जाताना यादी करतो ना, तसल्याच कामाचं पुस्तक. त्यात कल्याणच्या पुढची बंदरं ओळीने सांगितली आहेत: सेमुल्ला, मंदगोरा, पालेपटमाई, मेलिझेगारा, बायझँटियन. सेमुल्ला म्हणजे चौल. मंदगोरा म्हणजे बाणकोट असं बहुतेक मानतात. आणि पालेपटमाई? काही अभ्यासक म्हणतात ते दाभोळ, काही म्हणतात ते पालशेत. पालशेत म्हणजे आपलं रोजचं पालशेत, जिथे आपण बाजाराला उतरतो. वाद मिटवणं आपलं काम नाही. आपली सहल दोन्हीकडून जाते, म्हणून मला तरी तो वाद बरा वाटतो.

आता तो माल जायचा कसा, ते जरा सावकाश सांगते, कारण हे कळलं तरच बंदर बघण्यात अर्थ आहे. त्या काळी सुएझचा कालवा नव्हता. तो झाला १८६९ साली. त्यामुळे अलेक्झांड्रियाहून जहाज सरळ आपल्याकडे येऊ शकत नसे. माल आधी नाईल नदीतून होडीने वर जायचा, मग उंटांवर लादून वाळवंटातून तांबड्या समुद्राच्या काठी यायचा. तिथे बेरेनिके आणि मायोस होर्मोस अशी दोन बंदरं होती. तिथून जहाजं जुलैत निघायची. जुलै म्हणजे आपल्याकडे ऐन पाऊस, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या. पण त्यांना नैर्ऋत्येचा वारा पाठीशी लागायचा आणि आपल्या किनाऱ्याला पोचेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असायचा. आपली माणसं नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या पाण्यात घालतात, त्याच हिशेबाचं हे गणित. परतीला डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत निघायचं, कारण तेव्हा वारा उलटा फिरलेला असतो. म्हणजे मार्गशीर्ष-पौषात. आपण सहलीला निघतोय त्याच दिवसांत ती जहाजं इथून घरी निघायची.

बेरेनिके बंदर आता वाळूत गाडलं गेलं आहे. तिथे खोदकाम झालं तेव्हा काय सापडलं, ऐका. नारळाच्या करवंट्या. तांदूळ. मूग. आवळा. एका देवळाजवळ हिंदुस्थानी बनावटीचा एक रांजण, आणि त्यात साडेसात किलोच्या आसपास काळी मिरी. सागाचं लाकूडही सापडलं. मिरी केरळकडची असणार, आणि नारळ कुठल्या गावचा ते कुणी सांगू शकणार नाही. पण आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळात ज्या वस्तू असतात त्याच तिथे दोन हजार वर्षं वाळूत पडून होत्या, हे ऐकून आमच्या बैठकीत सगळ्या गप्प झाल्या होत्या. त्या काकीसुद्धा.

तिकडून आपल्याकडे काय यायचं? भरूच बंदराची यादी त्या पुस्तकात आहे. द्राक्षाची दारू, तांबं, कथील, शिसं, काच, आणि पोवळं. पोवळं बायांनो! तांबडं पोवळं भूमध्य समुद्रातलं. रोमचा एक जुना लेखक प्लिनी सांगतो की हिंदुस्थानी मोत्याला रोममध्ये जेवढी किंमत, तेवढी पोवळ्याला हिंदुस्थानात. तुमच्यापैकी कुणाच्या आजीच्या मंगळसूत्रात पोवळी असतील तर ती जपून ठेवा. कुणी सोनार "हे काय जुनं, देऊन टाका" म्हणाला म्हणून देऊन बसू नका.

हा माल बंदरातच राहत नसे. दाभोळची गंमत अशी की पाठीमागे वाशिष्ठी नदी आहे. भरतीबरोबर होड्या थेट चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत जायच्या. तिथून बैलांवर लादून कुंभार्ली घाट चढला की कऱ्हाड. पुढे कोल्हापूर. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ साली खोदकाम झालं आणि ब्राँझची एक लहानशी मूर्ती मिळाली, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची. समुद्रापासून इतक्या आत, घाटावर, समुद्राचा देव! टाऊन हॉलच्या संग्रहालयात ती आहे. महालक्ष्मीला जाल तेव्हा अर्धा तास काढून बघा. आणि उलट्या दिशेने, आपल्याकडून गेलेली एक हस्तिदंती बाई इटलीत पॉम्पेई शहरात सापडली, १९३८ साली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. कुणा कारागिराने घडवली, कुठल्या बंदरातून गेली, कोण जाणे. पण गेली खरी.

एवढं बैठकीत सांगून झालं तेव्हा सहलीचं नक्की झालं. त्यानंतर खरं काम सुरू झालं.

सगळ्यात आधी तारीख. आपल्या इकडे बाईला मोकळा दिवस असा नसतोच, तो शोधून काढावा लागतो. कापणी-झोडणी दिवाळीच्या आगेमागे आटोपते. माघ लागला की काजू, मग आंबा, मग लग्नसराई आणि पाहुणे. मधले मार्गशीर्ष-पौषाचे दिवस त्यातल्या त्यात बरे. हवा कोरडी, समुद्र शांत. मार्गशीर्षातले गुरुवार सोडायचे, कारण घरोघरी घट असतो आणि उपास असतो. शुक्रवारही सोडायचा, कारण दाभोळला मशीद बघायची आहे आणि शुक्रवारी दुपारी तिथे नमाजाची गर्दी असते. शनिवार-रविवारी मुलं घरी आणि फेरीबोटीवर पर्यटकांच्या गाड्यांची रांग. उरले सोमवार, मंगळवार, बुधवार. आम्ही मंगळवार धरला.

यात आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण बायकांच्या सहलीत ती कुणी उघड बोलत नाही आणि मग ऐन वेळी दोघी-तिघी गळतात. पाळी. "माझी अडचण आहे, मी येत नाही." आमच्या गटात ठरलंय की या कारणाने कुणी घरी राहायचं नाही. देवळात जायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. ज्यांना जायचं नाही त्यांनी बाहेर सावलीत बसावं, तोवर दुसरी कुणीतरी सोबत बसेल. गाडीत एका पिशवीत पॅड, साबण आणि जुने कागद ठेवायचे, आणि ती पिशवी कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असायचं.

तसंच विधवा बायांचं. काही ठिकाणी सहल म्हणजे हळदीकुंकवाची सहल होते आणि मग त्या आपोआप मागे राहतात. कुणी नको म्हणत नाही, पण बोलावतही नाही. आमच्या सहलीत हळदीकुंकू ठेवलेलं नाही. ते संक्रांतीला घरी करू.

आता पैसे. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी ठरलं. बचत ही अडीनडीच्या कर्जासाठी आहे. पंचसूत्री आपण शिकलो आहोत: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख नोंदी. सहलीसाठी त्यातून उचल केली तर गावात एकच वाक्य फिरतं, "बायका बचतीच्या पैशाने फिरतायत." ते वाक्य एकदा फिरलं की पुढच्या कर्जाच्या वेळीही ऐकावं लागतं. म्हणून सहलीची वेगळी पेटी आणि वेगळी वही. आम्ही १६ जणी आहोत. दर महिन्याला १०० रुपये, चार महिने, म्हणजे ६४०० रुपये जमतात. ज्यांना एकदम १०० जमत नाहीत त्या आठवड्याला २५ देतात. दोघींनी पैशांऐवजी काम घेतलंय: एक सगळ्यांसाठी कोकम सरबताचा आगळ देणार, एक तांदळाचं पीठ देणार. त्याचीही वहीत रुपयांत नोंद केली आहे, म्हणजे कुणाला फुकट गेल्यासारखं वाटू नये.

गाडीचे दोन मार्ग आहेत. एक, एस.टी.ने जायचं. मार्च २०२३ पासून एस.टी.त सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. वेळणेश्वरहून गुहागर, गुहागरहून धोपावे, आणि फेरीबोटीत चालत चढायचं. हा स्वस्तात स्वस्त मार्ग. पण गाड्यांच्या वेळा जुळल्या पाहिजेत, आणि संध्याकाळची परतीची गाडी चुकली तर काय, याचं उत्तर आधी हवं. गुहागर आगारात जाऊन वेळा लिहून आणा, ऐकीव वेळांवर जाऊ नका. दुसरा मार्ग, खासगी गाडी ठरवायची. मग गाडीसकट फेरीत चढता येतं, म्हाताऱ्या माणसांना उतरचढ कमी. पण भाडं ठरवताना दोन प्रश्न तोंडावर विचारायचे: फेरीचे गाडीचे पैसे कोण देणार, आणि ड्रायव्हरचं जेवण कुणाकडे. मागे आमच्या ओळखीच्या एका गटाला एका गाडीवाल्याने परतीच्या वाटेवर जास्तीचे पैसे मागितले होते. काळोख पडलेला, बायका गाडीत, काय बोलणार? दिले. तेव्हा ठरलेलं भाडं कागदावर लिहून घ्या, निम्मे आधी, निम्मे घरी पोचल्यावर. आम्ही गाडी घेतोय, कारण आमच्यातल्या तिघी सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि त्या आल्याच पाहिजेत. का, ते पुढे सांगते.

घरी सांगण्याचं काय? "विचारायचं" आणि "सांगायचं" यात फरक आहे, आणि सगळ्यांच्या घरी तो सारखा चालणार नाही हेही मला माहीत आहे. आम्ही एवढंच केलं की तारीख, गाडी, निघायची वेळ, परतायची वेळ, गाडीवाल्याचा नंबर, हे सगळं एका कागदावर लिहून प्रत्येकीला दिलं. "सहलीला जाऊ का?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं. कागद समोर ठेवला की घरातला माणूस वेळ वाचतो, गाडीचा नंबर वाचतो, आणि बोलणं त्याच्यावर होतं. १६ पैकी १४ घरांत एवढ्यावर भागलं. उरलेल्या दोन घरी आम्ही तिघी जाऊन बसलो, चहा घेतला. एका घरी गाईचं अडत होतं, दुसऱ्या घरी अंथरुणावरच्या सासूबाईंचं.

आणि ही अडचण खरी आहे, ती नुसत्या धिटाईने सुटत नाही. दूध कोण काढणार, औषध कोण देणार? त्यावर आमच्या शेजारच्या वाडीतल्या गटाशी आम्ही साटंलोटं केलं. त्यांची सहल पंधरा दिवसांनी. आमच्या दिवशी त्यांच्यातल्या दोघी आमच्याकडचा गोठा आणि आजारी माणूस बघणार, त्यांच्या दिवशी आमच्यातल्या दोघी. अशाने एकाच दिवशी सगळ्या वाडीतल्या बाया गायब, असंही होत नाही. मला विचाराल तर या सगळ्या बेतातली सर्वात कामाची गोष्ट हीच. पुढे कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या बँकेच्या कामालाही हीच अदलाबदल उपयोगी पडेल.

आता प्रत्यक्ष दिवस. सकाळी सातला वेळणेश्वराच्या देवळासमोरून निघायचं. पहिला थांबा पालशेत, पण गाडीतून उतरायचं नाही, फक्त खाडीवर गाडी हळू करायची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वाचे अभ्यासक डॉ. अशोक मराठे यांनी या भागात बरंच काम केलं. इथल्या सुसरोंडीच्या गुहेत फार जुन्या माणसांची दगडी हत्यारं त्यांना मिळाली. पालशेतची खाडी आता गाळाने भरलेली, लहानशी दिसते. इथे कधी जहाजं लागत असतील हे डोळ्यांनी पटत नाही. बंदरं बहुतेक अशीच जातात: डोंगर उघडे पडतात, माती खाली येते, खाडी उथळ होते, जहाजं मोठी होत जातात आणि एक दिवस यायची थांबतात.

गुहागरला चहा आणि शौचालय. हे कागदावर लिहून ठेवा. आपल्या बाया प्रवासात सोय नसते म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. सोय कुठे कुठे आहे ते आधी एकीने जाऊन बघून यावं. आमच्यातली एक दापोलीला कामानिमित्त गेली होती, ती येताना दाभोळच्या जेट्टीवर चौकशी करून आली.

मग धोपावे आणि फेरीबोट. पाण्यावरचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. ही गाड्या नेणारी फेरी सुरू व्हायच्या आधी गाडीने दापोलीला जायचं तर चिपळूण-खेडचा वळसा पडायचा, अख्खा दिवस मोडायचा. ओहोटीला जेट्टीच्या उतारावर शेवाळ असतं, तेव्हा म्हाताऱ्यांचा हात धरा आणि गुळगुळीत चपला घालू नका. बोटीवर गाडीत बसून राहू नका. बाहेर कठड्याशी उभं राहून खाडीच्या मुखाकडे बघा. एका अंगाला अंजनवेलचा डोंगर समुद्रात शिरलेला, आत खाडी रुंद आणि शांत. वादळात सापडलेल्या खलाशाला ही जागा बघून काय वाटलं असेल ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

त्याच बाजूला वीज प्रकल्प दिसेल. जगभर 'दाभोळ' हे नाव गाजलं ते एन्रॉनच्या त्या कंपनीमुळे. कंपनीचं नाव दाभोळ, पण ती उभी राहिली खाडीच्या आपल्या बाजूला. १९९७ च्या जूनमध्ये वेलदूरच्या बायांना पोलिसांनी पहाटे घरांतून ओढून नेलं होतं, कारण त्या प्रकल्पाच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या काही जणी आज आज्या झाल्या असतील. तरुण मुलींना हे माहीत नसतं. बोटीवर आहोत तोवर त्यांना सांगा.

दाभोळला उतरल्यावर फार काही बघण्याची घाई करायची नाही. आपल्या सहलींचा मोठा दोष हाच असतो, एका दिवसात सात देव आणि दोन धबधबे. सगळा वेळ गाडीत जातो. आम्ही दोनच ठिकाणं ठेवली आहेत.

पहिलं, जेट्टीजवळची शाही मशीद. तिला कुणी अंडा मशीद म्हणतं, कुणी माँसाहेबांची मशीद. काळ आदिलशाहीचा. मोठा घुमट, मिनार, समोर खाडी. तिची एक आख्यायिका सांगतात. विजापूरची आयेशाबिबी नावाची राजघराण्यातली बाई मक्केच्या यात्रेला जाण्यासाठी दाभोळला आली. बरोबर पैसा होता, माणसं होती, घोडेस्वार होते. बंदरावर आल्यावर तिला सांगण्यात आलं की समुद्रात धोका आहे, पुढे जाऊ नका. ती थांबली. बरोबर आणलेल्या पैशातून तिने ही मशीद बांधली. पिढ्यान्‌पिढ्या लोक या गोष्टीत तिचं दान सांगतात. मला मात्र बंदरापर्यंत येऊन, समोर पाणी दिसत असताना थांबलेली ती बाई डोळ्यांसमोर येते. तिला जायचं होतं की. आमच्या गटात मोहल्ल्यातल्या तिघी आहेत. आत जायचं, कुठवर जायचं, डोकं कसं झाकायचं, कुणाला विचारायचं, ते सगळं त्या बघणार आहेत, आणि आम्ही त्या सांगतील तसं करणार.

मशिदीच्या सावलीत बसून दाभोळच्या भरभराटीचं थोडं वाचणार आहोत. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी एक घोडा विकायला म्हणून आपल्या देशात आला. चौलला उतरला, बिदरपर्यंत फिरला, आणि परत जाताना दाभोळहून जहाजात बसला. त्याने लिहून ठेवलंय की दाभोळ फार मोठं बंदर आहे, इथे इजिप्त, अरबस्तान, खुरासान इथून घोडे उतरतात. म्हणजे पालेपटमाईच्या गोष्टीनंतर चौदाशे वर्षांनीही त्याच बाजूची जहाजं या खाडीत येतच होती. पुढे १५०८ सालच्या अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळवर हल्ला करून शहर जाळलं. ते पुन्हा उभं राहिलं, पण व्यापार हळूहळू सुरतेकडे आणि मग मुंबईकडे गेला.

दुसरं ठिकाण चंडिकादेवी. देवी खडकातल्या भुयारात आहे, समयांच्या उजेडात दर्शन होतं. आत काळोख आणि वाट अरुंद. गुडघेदुखीवाल्यांनी, श्वास लागणाऱ्यांनी आधी बाहेरून अंदाज घ्यावा. एका वेळी चार-पाच जणींनीच जायचं, ढकलाढकल नाही, आणि मोबाईलचे दिवे नाचवायचे नाहीत.

जेवण घरूनच. तांदळाच्या भाकऱ्या, सुकी चटणी, दडपे पोहे, कोकम सरबत. कुणाला सुकट हवी असेल तर तिने वेगळ्या डब्यात आणावी. जेवण झालं की पत्रावळ्या, कागद सगळं गोणीत भरून गाडीत परत.

आणि आता सत्तरीच्या आज्यांबद्दल. जेवणानंतरचा तास त्यांचा आहे. त्यांच्या तरुणपणी मुंबईला जायचं म्हणजे बोटीने. दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा बंदरांवर आगबोट लागायची, पण काठाला येत नसे. पडावातून खोल पाण्यात जायचं आणि हेलकावणाऱ्या पडावातून बोटीची शिडी धरायची, कडेवर पोर आणि हातात वळकटी. आमच्यातल्या एक आजी लग्न होऊन सतराव्या वर्षी अशाच मुंबईला गेल्या. बैठकीत त्या म्हणाल्या, "मी पुस्तकातलं काय सांगू, मला फक्त ती शिडी आठवते." मी म्हटलं, तेच सांगा, जागेवर उभ्या राहून सांगा. गटातली एक मुलगी मोबाईलवर ते रेकॉर्ड करणार आहे. फोन पूर्ण चार्ज करून न्या, आणि वारा असतो म्हणून फोन आजींच्या तोंडाजवळ धरा.

चारच्या सुमाराला परतीची फेरी धरायची, म्हणजे दिवेलागणीला घरी. उशीर झालाच तर गटाच्या अध्यक्ष प्रत्येक घरी नाही, फक्त तीन घरी फोन करतील आणि ती घरं पुढे निरोप देतील. फेरीच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्यायच्या.

तुमच्या गटाला हा बेत हवा असेल तर वहीत आधी तीनच रकाने पाडा: कोण येणार, कोणाच्या घरी काय अडतंय, आणि ते कोण सांभाळणार. तो तिसरा रकाना भरला की मगच गाडीवाल्याला फोन करा. गुहागर तालुक्यातल्या ज्या गटांना आमच्या दिवसाशी अदलाबदल करायची असेल त्यांनी दसऱ्याच्या आधी आमच्या बैठकीला यावं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीन वाजता, वेळणेश्वरला. येताना भाकरीचं पीठ किती लागेल त्याचा अंदाज घेऊन या, त्या हिशेबात आम्ही अजून अडकलोय.